ध्रुवच्या न्यूट्रॉनांचा हिशेब बाहेरच्यांना मांडू द्या : अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, अणुऊर्जा आयोग,
अणुशक्ती भवन, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

मी विद्यापीठात घनपदार्थ भौतिकी शिकवतो. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीला 8 ऑगस्ट 2025 रोजी चाळीस वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्ताने एक मागणी जाहीरपणे करतो आहे. ध्रुवभोवती उभी असलेली न्यूट्रॉन बीम संशोधनाची, म्हणजे न्यूट्रॉनांचे झोत नमुन्यावर सोडून पदार्थाची आतली रचना तपासण्याची, राष्ट्रीय सुविधा अणुऊर्जा विभागाबाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी, आणि त्यांचा अहवाल विभागाची कात्री न लागता लोकांसमोर ठेवावा.

हे पत्र अणुभट्टीच्या सुरक्षिततेबद्दल नाही, हे आधीच सांगतो. ध्रुवचं स्थान सामरिक आहे, ते का आहे हेही सगळ्यांना ठाऊक आहे. नागरी आणि लष्करी अणुसुविधा वेगळ्या करणाऱ्या 2006 च्या विभाजन आराखड्यात तिला नागरी यादीत घातलं गेलं नाही. त्याआधी, 2000 मध्ये, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या (बीएआरसी) आवारातल्या सुविधांचं सुरक्षा नियमन अणुऊर्जा नियामक मंडळाकडून काढून बीएआरसीच्याच सुरक्षा परिषदेकडे देण्यात आलं. या व्यवस्थेविषयी मला पुष्कळ म्हणायचं आहे, पण तो वेगळ्या पत्राचा विषय. इथे मला बोलायचं आहे ते गाभ्याच्या भिंतीतून बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉन झोतांबद्दल, त्यांच्या टोकाला बसवलेल्या डझनभराच्या आसपासच्या उपकरणांबद्दल, आणि तिथे नमुना घेऊन येणाऱ्या माणसांबद्दल.

अडचण अशी की एकाच गाभ्यावर तीन कामं चालतात. त्यातून प्लुटोनियम मिळतं, आयोडीन-131 सारखी वैद्यकीय समस्थानिकं मिळतात, आणि झोतही मिळतात. पहिल्या कामाभोवती गुप्तता आहे आणि ती ओघानेच तिसऱ्यावरही पसरते. माझ्यासारख्यांना विभागाकडून कळतं ते वार्षिक अहवालातून, आणि त्या परिच्छेदांत काय झालं ते असतं. काय होऊ शकलं असतं, कोणाचा अर्ज परत गेला, कोणतं उपकरण कुठल्या सुट्या भागावाचून अडून राहिलं, हे अशा अहवालात येत नसतं. तशी अपेक्षाही नाही. स्वतःच्या कामाचा अहवाल लिहिणारा माणूस इतकंच लिहितो.

गुप्ततेची हरकत मी हलकी मानत नाही. अणुभट्टी वर्षात किती दिवस आणि किती शक्तीवर चालली हा आकडा वरवर निरुपद्रवी दिसतो, पण जाणकार त्यावरून प्लुटोनियमचा अंदाज बांधू शकतो. ते दिवस छापा असं मी म्हणणार नाही. तज्ज्ञांच्या समितीला हवे तर ते बंद लिफाफ्यात द्या. जाहीर अहवालात एवढंच असलं तरी पुरे : एखाद्या वापरकर्त्याला मंजूर झालेल्या बीम टाइमपैकी, म्हणजे झोत वापरायच्या वेळेपैकी, किती टक्के प्रत्यक्ष मिळाला, उरलेला कशामुळे गेला, आणि तो पुन्हा मिळायला किती थांबावं लागलं. टक्केवारीतून कुणाला प्लुटोनियम मोजता येत नाही. पण एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला प्रबंधाचं वेळापत्रक या सुविधेच्या भरवशावर आखावं की नाही, हे मात्र त्यातून नेमकं कळतं.

ही सुविधा परकी वाटावी असा तिचा इतिहास नाही. 4 ऑगस्ट 1956 रोजी अप्सरा सुरू झाली, ती आशियातली पहिली संशोधन अणुभट्टी. भौतिकशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार त्याच दशकात कॅनडात चॉक रिव्हरच्या प्रयोगशाळेत बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्यासोबत काम करून आले आणि इकडे न्यूट्रॉन स्कॅटरिंगचा, म्हणजे नमुन्यातून विखुरणारे न्यूट्रॉन मोजण्याचा, गट उभा राहिला. डिसेंबर 1964 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने न्यूट्रॉनांच्या इनइलॅस्टिक (ऊर्जा बदलणाऱ्या) स्कॅटरिंगवरची परिषद घेतली ती मुंबईत. त्याच सुमाराला भारताने फिलिपिन्सला न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर दिला आणि तिथल्या शास्त्रज्ञांना तो चालवायला शिकवलं. आपण उपकरण आयात करणारा देश नव्हतो, देणारा होतो. ही गोष्ट आज भौतिकीच्या किती विद्यार्थ्यांना माहीत असते, हा प्रश्न मी वर्गात विचारायचं सोडून दिलं आहे. अप्सरेनंतर 1960 मध्ये 40 मेगावॉटची सायरस आली आणि 1985 मध्ये 100 मेगावॉटची ध्रुव. सुरुवातीला शीतकाच्या प्रवाहात ध्रुवच्या इंधन सळ्या कंप पावू लागल्या. तो दोष इथल्याच अभियंत्यांनी निस्तरला आणि 1988 मध्ये अणुभट्टी पूर्ण शक्तीवर गेली. 1974 नंतर आणि पुन्हा 1998 नंतर निर्बंधांच्या काळात बाहेरून सुटे भाग मिळण्याची मारामार असताना न्यूट्रॉन टिपणारे डिटेक्टर, एकाच तरंगलांबीचे न्यूट्रॉन निवडणारे मोनोक्रोमेटर, यांत्रिक भाग घरी बनवले गेले. या लोकांच्या कामाचं मोल बाहेरच्या कुणीतरी जाणून लिहावं, असंही मला वाटतं. त्रयस्थ माणूस फक्त उणिवा काढायला येत नाही.

आता तपासायचं काय, ते सांगतो. कारण अशा समित्या बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टी मोजून परत जातात.

पहिली चुकीची गोष्ट म्हणजे मेगावॉट. ध्रुव 100 मेगावॉटची आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या लाउए-लांजव्हां संस्थेची अणुभट्टी 58 मेगावॉटची आहे. आकडे पाहून आपण वरचढ वाटतो. प्रत्यक्षात ध्रुवचा कमाल औष्णिक न्यूट्रॉन फ्लक्स, म्हणजे न्यूट्रॉनांचा मारा, दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे 1.8 गुणिले 10 चा 14 वा घात आहे, आणि ग्रेनोबलचा सुमारे 1.5 गुणिले 10 चा 15 वा घात. म्हणजे निम्म्याहून थोड्या अधिक शक्तीत आठपटींहून जास्त. यात कुणाची हलगर्जी नाही. ध्रुव नैसर्गिक युरेनियमवर चालते, तिचा गाभा मोठा आहे. ग्रेनोबलचा गाभा लहान, आटोपशीर आणि अतिसमृद्ध युरेनियमचा आहे. दोन अणुभट्ट्यांची उद्दिष्टंच वेगळी होती. पण नमुन्यावर येऊन पडणाऱ्या न्यूट्रॉनांना उद्दिष्टाशी घेणं नसतं. म्हणून समितीने गाभ्यातला फ्लक्स विचारू नये, प्रत्येक उपकरणाच्या नमुन्यापाशी मोजलेला फ्लक्स विचारावा. गाभ्यापासून नमुन्यापर्यंत मोनोक्रोमेटर, न्यूट्रॉन वाहून नेणारे गाइड आणि झोत सरळ करणारे कॉलिमेटर किती खातात ते तिथे दिसतं. डिटेक्टरने व्यापलेला कोन वाढवून किंवा गाइड बदलून मोजणीचा वेळ कितीतरी कमी करता येतो, आणि त्यासाठी अणुभट्टीला हात लावावा लागत नाही. माझ्या मते पैशाचा सर्वांत चांगला परतावा इथे आहे, आणि नेमकं हेच काम उद्घाटनाच्या कोनशिलेवर येत नाही.

दुसरी चुकीची गोष्ट म्हणजे शोधनिबंधांची संख्या. भुकटीतल्या अणूंची मांडणी मोजणाऱ्या पावडर डिफ्रॅक्टोमीटरवर एका आठवड्यात अनेक नमुने मोजून होतात, त्यामुळे निबंधही भराभर निघतात. ट्रिपल-ॲक्सिस स्पेक्ट्रोमीटरवर एकाच स्फटिकातले फोनॉन (अणूंची कंपनं) किंवा मॅग्नॉन (चुंबकी लहरी) मोजण्यात अख्खा मुक्काम जातो. ब्रॉकहाउस यांना 1994 चं नोबेल क्लिफर्ड शल यांच्यासोबत मिळालं ते अशाच सावकाश मोजणीसाठी. निबंध मोजत बसलं तर ट्रिपल-ॲक्सिस बंद करा, हीच शिफारस निघेल. समितीने त्याऐवजी वापरकर्त्यांना एक प्रश्न विचारावा : हे माप तुम्हाला क्ष-किरणांनी, किंवा दुसऱ्या कुठल्या पद्धतीने, घेता आलं असतं का? न्यूट्रॉन हायड्रोजन आणि लिथियम यांच्यासारखे हलके अणू ओळखतात, त्यांना हायड्रोजन आणि ड्यूटेरियम वेगळे दिसतात, अणूंचे चुंबकी आघूर्ण कोणत्या दिशेला आहेत हे कळतं, आणि जाड धातूच्या पोटात ते सेंटिमीटरभर आत सहज जातात. यांपैकी कशाचाच उपयोग न करता केवळ सुविधा उपलब्ध आहे म्हणून झालेली मोजणी किती, हे कळलं पाहिजे. उत्तर थोडं बोचेल, विद्यापीठवाल्यांनाही.

तिसरी गोष्ट शीत, म्हणजे थंड करून मंदावलेल्या, न्यूट्रॉनांची. अणुभट्टीतून येणाऱ्या औष्णिक न्यूट्रॉनांची तरंगलांबी 1.8 अँगस्ट्रॉमच्या आसपास असते, ती स्फटिकातल्या अणूंच्या अंतरांना जुळते. पॉलिमर, प्रथिनं, साबणाचे मायसेल (रेणूंचे पुंजके), औषध वाहून नेणारे कण यांच्यासाठी लांब तरंग लागतात. ते मिळवायला जगभरची केंद्रं सुमारे 20 केल्विन तापमानाचा द्रवरूप हायड्रोजन गाभ्याजवळ ठेवतात. आज जगातल्या आघाडीच्या केंद्रांत होणाऱ्या विज्ञानाचा मोठा भाग या शीत झोतांवर उभा आहे. शीत स्रोताखेरीज ध्रुववर कोणतं विज्ञान करत राहण्यात अर्थ आहे आणि कोणतं बाहेर जाऊनच करावं, हा प्रश्न समितीने नावानिशी विचारावा. नव्या अणुभट्टीत तो स्रोत पहिल्या दिवसापासून हवा का, याचं उत्तरही त्यातच आहे.

बाहेर जाण्यावरून आठवलं. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने आपले संशोधक इंग्लंडच्या आयसिस या न्यूट्रॉन केंद्रात मोजणीला जातात. चांगलं आहे, जावं. पण जाणाऱ्यांपैकी कितीजणांचं काम ट्रॉम्बेला झालं असतं, आणि झालं असतं तर ते इकडे का आले नाहीत, हे कुणी मांडलं तर सुविधेचं खरं चित्र दिसेल. फ्लक्स कमी पडला म्हणून गेले, की नमुना 2 केल्विनपर्यंत थंड करणारं क्रायोस्टॅट मोकळं नव्हतं म्हणून, की आत येण्याच्या परवानगीला लागणाऱ्या वेळेमुळे? तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत आणि खर्चाचे आकडेही. शेवटच्यावरचा इलाज तर जवळजवळ फुकट आहे. परदेशातल्या काही केंद्रांत पावडरचा नमुना टपालाने पाठवला की तिथले शास्त्रज्ञ मोजून आकडे पाठवून देतात. विद्यापीठांसाठी ध्रुवचं दार उघडण्याचं काम विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संघाचं मुंबई केंद्र करत आलं आहे, ध्रुववर त्यांचं स्वतःचं डिफ्रॅक्टोमीटरही आहे. या दाराने कोण आलं हे त्यांना ठाऊक आहे. समितीने न आलेल्यांना गाठावं. धातुशास्त्राचे, रसायनाचे, जीवभौतिकीचे किती विभाग देशात आहेत ज्यांनी एकदाही अर्ज केला नाही?

बाहेरचा दाखला म्हणून अमेरिकेच्या निस्ट या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या न्यूट्रॉन केंद्राकडे पाहावं. तिथली राष्ट्रीय विज्ञान अकादमी दर काही वर्षांनी त्या केंद्राचं मूल्यमापन बाहेरच्या पॅनेलकडून करते आणि अहवाल कुणालाही वाचायला खुला असतो. उपकरणं, मनुष्यबळ, वापरकर्ते, पुढची योजना हे सगळं त्यात येतं. केंद्राला त्याचा त्रास झाला असं दिसत नाही, उलट नवी उपकरणं मागताना असे अहवाल हाताशी असतात.

पण याच केंद्रात 3 फेब्रुवारी 2021 रोजी अपघात झाला, तोही सांगायला हवा. इंधन बदलताना एक इंधन संच जागेवर नीट अडकला नव्हता, अणुभट्टी सुरू करताना तो तापला आणि त्याचं आवरण वितळलं. अणुभट्टी पुन्हा सुरू करायची परवानगी मार्च 2023 मध्ये मिळाली. चौकशीत अपुरी प्रशिक्षण पद्धत, अपुऱ्या लेखी कार्यपद्धती आणि अंगवळणी पडलेली निर्धास्तता ही कारणं पुढे आली. नियमित त्रयस्थ मूल्यमापन होत असूनही हे घडलं. यावरून कुणी म्हणेल की मग उपयोग काय? मी त्यातून वेगळं घेतो. विज्ञानाचं पॅनेल सुरक्षा निरीक्षकाचं काम करू शकत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवली तर दोन्ही कामं अर्धी होतात. म्हणूनच या पत्रात दोन्ही विषय मी वेगळे ठेवले आहेत. समितीच्या कार्यकक्षेतही ते तसेच वेगळे असावेत. एका बाबतीत मात्र ते एकमेकांना लागून आहेत, ती म्हणजे जुनी जाणकार माणसं निवृत्त होणं. बीमलाइनवर (झोत आणि त्याच्या उपकरणावर) वीस-पंचवीस वर्षं घालवलेल्या तंत्रज्ञाच्या डोक्यात जे असतं ते कागदावर उतरलं आहे का, हे विज्ञानाच्या समितीनेही पाहावं.

दुसरा दाखला कॅनडाचा, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. ज्या चॉक रिव्हरला अय्यंगार शिकले, तिथली 1957 सालची एनआरयू अणुभट्टी 31 मार्च 2018 रोजी कायमची बंद झाली. तिच्या जागी नवा न्यूट्रॉन स्रोत उभारावा हे 1990 च्या दशकापासून सांगितलं जात होतं. तो उभा राहिला नाही. ज्या जागी या शास्त्राचा पाया घातला गेला, तिथल्या शास्त्रज्ञांना आता बीम टाइमसाठी दुसऱ्या देशांचे दरवाजे ठोठवावे लागतात. तिथे मूल्यमापनाची वाण नव्हती, म्हणजे सगळा दोष अहवालांच्या अभावाला देता येणार नाही. निर्णय घेणाऱ्यांनी ते वाचून बाजूला ठेवले. आपल्याकडे बाजूला ठेवण्यापुरतंही काही जाहीर नसेल, तर वाद घालायला हातात काय राहील? 2019 मध्ये बर्लिनची बीईआर-दोन आणि फ्रान्समधल्या सॅक्लेची ऑर्फे या अणुभट्ट्याही बंद झाल्या. युरोपात निदान इतर स्रोत शिल्लक आहेत. सायरस 31 डिसेंबर 2010 रोजी बंद झाली. 2018 मध्ये नव्याने सुरू झालेली अप्सरा 2 मेगावॉटची आहे. तेव्हा झोतांच्या मोठ्या कामासाठी ध्रुवच आहे.

"आपल्या विभागात ही पद्धत बसत नाही" असं उत्तर येईल, म्हणून विभागातलंच उदाहरण देतो. नारायणगावजवळ खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेची आहे, म्हणजे तुमच्याच छत्राखालची. तिथे वर्षातून दोनदा जगभरातून अर्ज मागवले जातात, त्यांची गुणवत्तेवर छाननी होते, आणि कुणाला किती तास मिळाले ते वाटपावरून कळतं. परदेशी संशोधकाला भारतीय दुर्बिणीचे तास दिले म्हणून देशाचं काही बुडालं नाही, उलट जीएमआरटीचं नाव झालं. दुर्बीण आणि सामरिक अणुभट्टी यांत फरक आहे हे मान्य. पण अर्ज, छाननी, वाटप आणि वापर या चार पायऱ्या दोन्हीकडे सारख्याच आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही गाभ्याच्या आत जावं लागत नाही.

समितीत कोण असावं? आपल्याकडे न्यूट्रॉनवाल्यांचं वर्तुळ इतकं लहान आहे की कुठल्याही दोघांत गुरुशिष्याचं नातं निघतं. बीएआरसीतून निवृत्त झालेल्या तीन ज्येष्ठांची समिती नेमली तर ती विद्वान असेल, त्रयस्थ नसेल. अध्यक्ष विभागाबाहेरचा हवा, आणि मागच्या काही वर्षांत विभागाचं अनुदान न घेतलेला. निम्मे सदस्य वापरकर्ते असावेत, त्यांतही न्यूट्रॉनवर न जगणारा एखादा रसायनज्ञ किंवा धातुशास्त्रज्ञ असावाच, कारण "मला याचा काय उपयोग?" हे तोच मोकळेपणाने विचारेल. दोन-तीन परदेशी तज्ज्ञ लागतील, ऑस्ट्रेलियाच्या ओपल किंवा कोरियाच्या हनारो या अणुभट्ट्यांवर काम केलेले चालतील. दोन्ही केंद्रांनी लांबलेल्या बंदचे दिवस पाहिले आहेत, त्यामुळे तिथली माणसं नुसतं कौतुक करून जाणार नाहीत. उपकरणं असलेल्या गाइड हॉलमध्ये त्यांना प्रवेश देणं अवघड असेल तर कागदपत्रं आणि दूरसंवादावरही पुष्कळ काम होईल. आणि एक अट : अहवालाचा मसुदा केंद्राला तथ्यांच्या दुरुस्तीसाठी दाखवावा, निष्कर्ष बदलण्यासाठी नाही. केंद्राचं उत्तर अहवालासोबतच छापावं.

बीएआरसीतल्या तरुण शास्त्रज्ञांच्या मनात एक भीती असणार, ती रास्त आहे. बाहेरचे येतील, परदेशी केंद्राशी तुलना करतील, आणि कुणीतरी त्यातला एक परिच्छेद उचलून निधी कापेल. समितीच्या कार्यकक्षेतच लिहून टाकावं की प्रत्येक तुलनेशेजारी त्या केंद्राचं मनुष्यबळ आणि उपकरणांवरचा खर्चही दिला जाईल. परदेशी केंद्रात एका उपकरणाला अनेक शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ असतात. तोच निकष ठेवून, दोन माणसांनी चालवलेल्या उपकरणाला कमी गुण देणं हा अन्याय होईल, मूल्यमापन नव्हे.

हे आत्ताच का, याला कारण आहे. विशाखापट्टणमच्या नव्या बीएआरसी संकुलात उच्च फ्लक्सच्या संशोधन अणुभट्टीचा विचार बरीच वर्षं चालू आहे. अणुभट्टीच्या रचनेत बीम ट्यूब किती, कुठे, कोणत्या कोनात, शीत स्रोताची जागा कोणती, गाइड हॉल किती लांब, हे एकदा काँक्रीटमध्ये ओतलं की पुढची पन्नास वर्षं त्यावर बोलण्यात अर्थ राहत नाही. ते ठरवताना ध्रुववरच्या चाळीस वर्षांतलं काय वापरलं गेलं आणि काय पडून राहिलं, याची नोंद टेबलावर हवी, आणि ती वापरणाऱ्यांच्या तोंडून आलेली हवी. तसं झालं नाही तर उपकरणांची यादी शेवटी सरकारी खरेदीच्या फायलीतच ठरेल.

समिती नेमण्याआधी तिच्या कार्यकक्षेचा मसुदा विभागाच्या संकेतस्थळावर टाकावा आणि विद्यापीठांना त्यावर लिहायला दोन महिने द्यावेत, एवढी पहिली पायरी तरी या आर्थिक वर्षात व्हावी. उपकरणनिहाय प्रश्नांची माझी यादी तयार आहे, मागवल्यास पाठवतो.

आपला नम्र,
घनपदार्थ भौतिकीचा एक अध्यापक